एकदा त्यांची, दोनदा आपली

तिसऱ्या मजल्यावरच्या समोरासमोरच्या दोन दारांच्या मधल्या भिंतीवर एक टेंगूळ होतं. नवख्या माणसाला वाटावं, गिलावा फुगलाय. आजवर जितके रंगारी आले ते सगळे त्याच्यावरूनही ब्रश फिरवून मोकळे झाले. आधी पिवळा, मग हिरवट, मग पांढरा असे थरांवर थर चढत गेले आणि खाली काय आहे ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. धाकटीच्या मात्र लक्षात होतं. ते बेलचं बटण होतं.

घर सोडायच्या आदल्या दिवशी सकाळी ती दाराबाहेर उभी राहून बोथट सुरीनं तो रंग खरवडत होती. आत सामान बांधून झालं होतं. एक खुर्ची, एक पांघरूण आणि चहाचं भांडं तेवढं बाहेर होतं. इतक्यात भाच्याचा फोन आला.

"आत्या, काय चाललंय? खर्रखर्र कसला आवाज येतोय?"

"भिंत खरवडतेय."

"कशाला? आपण घर सोडतोय, विकत नाही घेत!"

"सोडतोय म्हणूनच."

"तू पण ना! गुडघे सांभाळ. आणि ऐक, इकडे तुझ्या खोलीत बेल लावून घेतलीय. उशाशी बटण आहे. काही लागलं की दाबायचं, खाली आमच्याकडे वाजते."

"म्हणजे मी वाजवायची?"

"मग कोण? तुझ्यासाठीच लावलीय."

"छान," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवून पुन्हा सुरी उचलली. बेल दुसऱ्यानं वाजवायची आणि आपण दार उघडायचं, हा तिचा आयुष्यभराचा समज. आता उलट व्हायचं होतं.

धाकटी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. तिची साठी उलटून गेली होती, केस पांढरे झाले होते, आणि त्या नावानं हाक मारणारं जगात कुणी उरलंय की नाही हेही तिला माहीत नव्हतं. ते नाव पडलं होतं समोरच्या दारामुळे. समोर राहायचे फ्यूजकाका. विजेची दुरुस्ती हा त्यांचा धंदा. बिल्डिंगमध्ये कुठेही दिवे गेले की जिन्यातून एकच हाक यायची, "काका, फ्यूज!" त्यांचं खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक असावं. त्यांना एक मुलगी. ती धाकटीपेक्षा थोडीशी मोठी, म्हणून ती थोरली आणि ही धाकटी. घरं दोन, आईबाप दोन जोड्या, पण पोरींची नावं अशी की बाहेरच्याला वाटायचं, सख्ख्या बहिणी आहेत. दोघींनीही ते कधी खोडून काढलं नाही.

बेलची भानगड फ्यूजकाकांनीच केलेली. मालकानं मजल्यावर बेलसाठी विजेचा एकच पॉइंट दिला होता. धाकटीचे बाबा म्हणाले, "जाऊ द्या हो, दारं काय हातानं ठोठावता येत नाहीत?" काकांना तो आपल्या धंद्याचा अपमान वाटला. "एका बेलवर दोन संसार चालवून दाखवतो," ते म्हणाले, आणि दोन दारांच्या मधोमध त्यांनी ते काळं, गोल बटण बसवलं. बेल दोन्ही घरांत ऐकू जायची. एकदा वाजली तर काकांकडची, दोनदा वाजली तर धाकटीच्या घरची. धाकटीकडे ते असं म्हटलं जायचं, "एकदा त्यांची, दोनदा आपली." थोरलीकडे अर्थातच याच्या उलट.

दूधवाला, पोस्टमन, पेपरवाला यांना ते पाठ झालं. पाहुण्यांना व्हायला तयार नव्हतं. कुणी घाईत दोनदा दाबायचं, कुणी दबकत एकदाच. त्यामुळे काकांचा मेव्हणा धाकटीच्या घरात येऊन बसायचा आणि धाकटीच्या बाबांचे ऑफिसातले लोक काकूंच्या हातचा चहा पिऊन जायचे. एका विमा एजंटानं तर काकूंना अर्धा तास पॉलिसी समजावून सांगितली. काकूंनी शेवटपर्यंत मान डोलावली आणि मग म्हणाल्या, "सगळं पटलं बघा. आता हेच जरा समोर जाऊन सांगा, त्यांनी बोलावलंय तुम्हाला." एकदा धाकटीला ताप होता म्हणून बाबांनी डॉक्टरांना बोलावलं. ते घाईघाईनं आले आणि एकदाच बटण दाबलं. काकूंनी दार उघडलं. काका जेवून आडवे झालेले. डॉक्टरांनी विचारपूस न करता त्यांच्याच दंडाला पट्टा गुंडाळला, पारा बघितला आणि भुवया वर केल्या. रक्तदाब चांगलाच वाढलेला निघाला. त्या दिवसापासून काका गोळी घ्यायला लागले आणि येईल त्याला सांगायला लागले, "माझं आयुष्य चुकीच्या बेलनं वाढवलंय."

यातूनच दोन्ही घरांत एक नियम पडून गेला. चुकून आलेल्याला दारातून वाटेला लावायचं नाही. आत घ्यायचं, पाणी द्यायचं, मग समोर पाठवायचं. त्या पाण्याच्या पेल्याच्या निमित्तानं दोन्ही दारं दिवसभर उघडमिट होत राहायची. धाकटीला लहानपणी आपलं घर म्हणजे चार खोल्यांचं वाटे. दोन आपल्या आणि दोन त्यांच्या.

पुढे धाकटी एका लाँड्रीत कामाला लागली. मोठी, नावाजलेली लाँड्री. कोट, शाली, गरम कपडे असं जोखमीचं काम तिथे यायचं. धाकटीचं टेबल मागच्या बाजूला, वाफेच्या इस्त्रीशेजारी. आलेल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरच्या आत कापडाची बारीक पट्टी लावायची, पट्टीवर न पुसणाऱ्या शाईनं खूण, आणि ती पट्टी लाल दोऱ्यानं टाचायची. काळ्या कोटांच्या ढिगात कुणाचा कोट कुणाचा हे त्या पट्टीवरून ओळखायचं. एका घरचा कपडा दुसऱ्या घरी जाता कामा नये, एवढंच तिचं काम. ते तिनं निवृत्त होईपर्यंत इतकं चोख केलं की मालक नव्या मुलींना सांगायचे, "हिच्या टेबलावरून चुकून काही गेलेलं मला आठवत नाही."

गेलं होतं. एकदाच, आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांत. नेमकं त्याच संध्याकाळी तिला बघायला एकजण यायचा होता.

आईच्या ऑफिसातल्या एका बाईंचा तो पुतण्या. सरकारी खात्यात नकाशे काढायचा. सहज चहाला यावं, बोलावं, ओळख व्हावी, एवढंच ठरलं होतं. त्याला पत्ता नीट सांगितला होता, दोनदा वाजवायचं हेही सांगितलं होतं. पण माणूस पडला सभ्य. लागोपाठ दोनदा बटण दाबणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. त्यानं एकदा दाबलं आणि जरा थांबून दुसऱ्यांदा दाबावं असा विचार करत एक पाऊल मागे सरकला. तेवढ्यात थोरलीनं दार उघडलं.

नियमाप्रमाणे तिनं त्याला आत घेतलं, पाणी दिलं. समोर पाठवायचं, तर धाकटी घरी कुठे होती? ती भलत्या घरी गेलेला कोट परत आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. धाकटीची आई म्हणाली, "येईलच ती, तोवर बसा तिकडेच." तो बसला. थोरलीनं त्याला काकांच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली आणि तो इतका हसला की जिन्यापर्यंत ऐकू गेलं. धाकटी कोट घेऊन धापा टाकत वर आली तेव्हा तिला पहिल्यांदा ऐकू आलं ते हे हसणं. मग तो रीतसर समोर आला, चहा घेतला, हवापाण्याचं बोलला आणि गेला. महिनाभरानं त्याच्या घरून निरोप आला तो थोरलीसाठी.

"नकाशे काढणारा माणूस," बाबा म्हणाले, "आणि दार चुकला!" त्यांनी विनोद म्हणून म्हटलं, पण घरात कुणी हसलं नाही.  आईनं दार लावून घ्यायला सुरुवात केली. काकू बोलायला आल्या की ती म्हणायची, "गॅसवर काहीतरी आहे हो माझं." त्या दिवसांत तिच्या गॅसवर सतत काहीतरी असायचं.

आणि मग एका रविवारी फ्यूजकाका स्टूल, पक्कड आणि तारेचं भेंडोळं घेऊन धाकटीच्या दारात उभे राहिले. त्यांनी नवी बेल आणली होती. चिमणीसारखी चिवचिवणारी, त्या काळी नवलाची. धाकटीच्या दाराला वेगळं बटण, आतून वेगळी तार. धाकटीनं स्टूल धरलं. काका वर चढून कितीतरी वेळ खिळे ठोकत राहिले आणि खाली न बघताच म्हणाले, "आता चूक व्हायची नाही हो पोरी."

तिला म्हणायचं होतं, "काका, नको." तिला त्या नकाशेवाल्याचं काहीही वाटलं नव्हतं. त्याचा चेहरासुद्धा तिला नंतर नीट आठवेना. लोक समजत होते तसं तिचं काही मोडलं नव्हतं. पण काकांना आपल्या परीनं काहीतरी भरून द्यायचं होतं. तिनं स्टूल आणखी घट्ट धरलं. मधलं जुनं बटण काकांनी तिथेच ठेवलं, फक्त त्याची तार कापून आपल्या दाराशी एका साध्या बटणाला जोडली.

त्या दिवसापासून खरोखरच चूक झाली नाही. समोरच्यांचे पाहुणे समोर गेले, यांचे यांच्याकडे. पाण्याचे पेले बंद झाले. थोरली लग्न होऊन गेली, काही वर्षांनी काका-काकूही जागा सोडून लेकीच्या जवळ राहायला गेले. भांडण म्हणाल तर कुणाचंच झालं नाही. म्हणूनच ते मिटवताही आलं नाही. धाकटीचे आईबाबा गेले, तिचा दादा, भाच्याचा बाप, परगावी गेला आणि तिकडेच संपला. समोरच्या घरात आता कुठल्याशा कंपनीचे खोके ठेवलेले असायचे. कधीमधी एक माणूस यायचा, कुलूप काढायचा, खोका खांद्यावर टाकून निघून जायचा. चिमणी वाजायची ती मीटर बघणाऱ्यासाठी. बेल वाजली की धाकटी अजूनही दाराकडे लगेच जात नसे. दुसरी वाजतेय का, याची वाट बघायची. मग आपलं आपल्यालाच हसू येऊन उठायची.

थोरलीची खबर तिला कळायची ती कपड्यांतून. तिच्या नवऱ्याचा करडा कोट दर हिवाळ्याच्या तोंडाला लाँड्रीत यायचा. थोरलीच्या घराजवळ, पुलापलीकडे, दुसऱ्या दोन लाँड्र्या असताना तो इथे का येतो, हे तिला कधी समजलं नाही. कोट घेऊन नोकर यायचा, कधी नवरा स्वतः, थोरली नाही. खिशाला शाईचा डाग असायचा, मग तो दिसेनासा झाला. मग छोटे स्वेटर यायला लागले, ते मोठे होत गेले, एके वर्षी कुणाचा तरी लग्नातला सूट आला. धाकटी पट्ट्या टाचत राहिली. पावतीवरचा पत्ता तिला तोंडपाठ झाला होता. तिच्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या दोन हिवाळ्यांत मात्र कोट आला नाही.

दुपार टळल्यावर बटणावरचा रंग एकदाचा निघाला. खालून काळं, कडक बॅकेलाइटचं बटण दिसलं, बोटांनी झिजून मध्ये खोलगट झालेलं. धाकटीनं दाबून बघितलं. अर्थातच काही वाजलं नाही. उद्यापासून इथून हाक मारायलासुद्धा कुणी असणार नाही, आणि आपलं ते एक वाक्य सांगायचं राहिलंय ते राहिलंच, असं तिच्या मनात आलं. काकांना सांगता आलं नाही. ते गेल्याचंही तिला गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. आता सांगायला एक थोरलीच उरली होती. असलीच तर.

तिनं सुरी ठेवली, साडी बदलली, कुलूप लावलं आणि पुलाच्या दिशेनं चालायला लागली.

पत्ता सापडायला कष्ट पडले नाहीत. लिफ्टची नवी इमारत, गुळगुळीत फरश्या, दारावर पितळी पाटी. धाकटीनं घाम पुसला, घसा साफ केला आणि बटण दाबलं. आपण काय केलं ते तिला आवाज ऐकल्यावर कळलं. हात सवयीचा. दोनदा दाबलं होतं.

आतून कुणा तरुण बाईचा आवाज आला, "आई, तुम्ही बसा. धाकटीकडचं असेल कुणीतरी, मी बघते."

धाकटीनं भिंतीला हात टेकला.

दार उघडलं. दारातली सून हसरी होती, पण घाईत. "काय आहे? आम्हाला घ्यायचं नाहीये काही."

"तुम्ही आत्ता आत काय म्हणालात?"

"कधी?"

"धाकटीकडचं."

"अय्या, ते होय!" सून ओशाळून हसली. "आमच्या घरातलं बोलणं आहे ते. दोनदा वाजली की ती आपली नव्हे, असं सासूबाई म्हणतात. कुणी दार चुकून आलं, राँग नंबर आला, दुसऱ्याचं पत्र आपल्याकडे पडलं, की ते धाकटीकडचं. आमची मुलंसुद्धा शाळेत तसंच बोलतात आणि कुणाला काही कळत नाही."

"कोण धाकटी?"

"कुणास ठाऊक! असा शब्दच आहे. यांनाही माहीत नाही." तिनं दार पूर्ण उघडलं. "या ना आत. पाणी घ्या आणि मग सांगा कुणाकडे जायचंय. चुकून आलेल्याला पाणी दिल्याशिवाय सोडलं तर मला बोलणी बसतात."

धाकटी आत जाऊन खुर्चीच्या काठावर बसली. या घरात आपण नावानं रोज येत होतो, आणि आपल्याला कुणी ओळखत नव्हतं. दारामागच्या खुंटीवर करडा कोट टांगलेला होता. खांद्यांवर धूळ बसलेली. कॉलर जराशी उलटली होती आणि तिच्यातून लाल दोरा डोकावत होता.

सून पाणी ठेवून स्वयंपाकघरात गेली. आतून काठीचा आवाज टकटकत जवळ आला.

"कुणाकडे जायचं होतं हो?" थोरली म्हणाली. ती वाळून लहान झाली होती. नजर समोर होती पण दिसत नसावं.

"चष्मा लाव आधी," धाकटी म्हणाली.

थोरली जागच्या जागी थांबली. चष्मा कपाळावरच होता, तो तिनं खाली ओढला. धाकटीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "धाकटे, आमच्याकडे एकदाच वाजवायची असते. इतकी वर्षं झाली, तरी तुझं आपलं तेच."

"हात ऐकत नाही."

"बस. नीट बस, पडशील काठावरून."

दोघी बसल्या.  धाकटी म्हणाली, "कोट नाही आला दोन हिवाळे."

"घालणारा नाही."

"मला कुणी बोललं नाही."

"कोण बोलणार?" थोरलीनं काठी मांडीवर आडवी घेतली. "त्यांना शेवटपर्यंत वाटायचं, तुझ्यावर अन्याय झाला आपल्या हातून. म्हणून कोट तुमच्या लाँड्रीत. मी म्हणायची, अहो, पलीकडच्या गल्लीत आहे की लाँड्री. तर म्हणायचे, असू दे, तेवढाच संबंध."

धाकटीला हसू आलं. आयुष्यभर बरोबर घेऊन फिरवलेलं वाक्य ते हेच, आता सांगायचं. "थोरले, मला त्यांचं काही वाटलं नव्हतं गं. खरंच. मला बेलचं वाटलं."

"कुठल्या बेलचं?"

"काकांनी नवी बसवली ना आमच्याकडे. वेगळी."

"चिमणीची?" थोरलीचा चेहरा उजळला. "अगं, काय गोड होती ती! मी हट्ट धरला होता बाबांपाशी, मला पण तसली लावून द्या म्हणून. तुलाच दिली त्यांनी. किती दिवस रुसले होते मी!"

 धाकटीनं पेला उचलून उरलेलं पाणी प्यायलं. "हो," ती म्हणाली, "गोड होती."

"आहे अजून?"

"आहे. उद्या जातेय मी. भाच्याकडे. घर सोडलं."

"उद्या? मग आज कशाला आलीस? आधी यायला काय झालं होतं?" थोरली रागावली, अगदी लहानपणी रागवायची तशी. मग तिचा आवाज उतरला. "तिकडे बेल आहे का?"

"आहे. पण ती मी वाजवायची."

"किती वेळा?"

"ते विचारलंच नाही."

सून चहा टाकते म्हणत होती, पण अंधार पडायच्या आत पूल ओलांडायचा म्हणून धाकटी उठली. थोरली दारापर्यंत आली, चौकट धरून उभी राहिली. लिफ्टचं दार मिटता मिटता मागून सुनेचा प्रश्न ऐकू आला, "कोण हो त्या, आई?" उत्तर यायच्या आत लिफ्ट खाली निघाली. तळमजल्यावर धाकटी थोडा वेळ घुटमळली. वर जाऊन एकदा वाजवावी, असं तिच्या मनात आलं. मग ती चालायला लागली.

सकाळी भाचा गाडी आणि दोन हमाल घेऊन आला. खोल्या रिकाम्या व्हायला वेळ लागला नाही. शेवटी भाच्यानं स्टूल मागवलं आणि चिमणीची बेल उतरवली. "ही घे आत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतो."

"पुलापलीकडे एक पत्ता देते. जाताना तिथे द्यायची."

"कुणाला?"

"जिला हवी होती तिला."

हमालानं तेवढ्यात मधल्या भिंतीवरचं काळं बटण हातानं हलवून बघितलं. "बाई, हे पण काढू का? जुना माल आहे, कुणीतरी घेईल. नाहीतरी तार नाहीये याला."

समोरच्या दाराला कुलूप होतं. खोक्यांचा वास येत होता.

"राहू द्या," धाकटी म्हणाली. "निम्मं त्यांचं आहे."